टेम्पो दाराशी आला की पोरांचं काय करायचं

नवरा पाटबंधारे खात्यात. आता त्या खात्याला जलसंपदा म्हणतात, पण बदल्या होतात तशाच. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत कराव्यात आणि एका जागी साधारण तीन वर्षं ठेवावं, असं लिहिलेलं आहे. त्यामुळे आमच्या घरात आंब्याची पेटी आणि बदलीची ऑर्डर बरोबरच यायची. सांगली, रत्नागिरी, नाशिक, संभाजीनगर, शेवटी पुणे. नवरा चार्ज देण्याघेण्यात अडकलेला, आणि बिऱ्हाड हलवायचं माझ्याकडे. सोबत दोन पोरं, चार वर्षांच्या अंतराची.

आता भाची पुण्यात भाड्याने राहते. तिचा करार अकरा महिन्यांचा, तो संपला की नव्या घराची शोधाशोध. बहीण मुलुंडला, तिची इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणजे एकदा बाहेर पडायचं आणि काही वर्षांनी पुन्हा आत यायचं. दोघींच्या पदरात लहान मुलं, आणि दोघींनी मला एकच विचारलं, ‘त्या दिवशी पोरांना कुठे ठेवायचं?’ घर हलवण्याच्या याद्या कुठेही मिळतात. काचेला कागद, गादीला प्लास्टिक, फ्रिज आदल्या रात्री बंद. मुलांची सोय मात्र एका ओळीत उरकलेली असते, ‘शक्य असल्यास आजीकडे पाठवावे.’ माझं म्हणणं तिथूनच वेगळं सुरू होतं.

१. सरसकट आजीकडे पाठवू नका

रांगतं किंवा नुकतं पळायला लागलेलं मूल असेल तर जरूर पाठवा, नाहीतर त्याच्यासाठी एक माणूस पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्या वयात समजावून सांगण्याचा उपयोग नाही आणि खिळे, कात्र्या, उघडी दारं सगळीकडे असतात. पण चार वर्षांच्या पुढचं मूल घरातच असावं. त्याने घर रिकामं होताना पाहावं. कपाट हललं की भिंतीवर मागे राहिलेला रंगाचा चौकोन पाहावा, पलंगाखालून निघालेला हरवलेला चेंडू त्याने स्वतः उचलावा.

सांगलीला आमच्या शेजारच्या मुलाला आजोळी पाठवलं होतं आणि तिथून थेट नव्या गावी नेलं. तो कितीतरी दिवस विचारायचा, आपल्या घरात आता कोण झोपतं, आणि माझी सायकल तिथे उभी आहे का. सायकल त्याच्या नव्या घराच्या जिन्याखालीच होती, पण त्याच्या हिशेबात ते घर अजून सांगलीत जसंच्या तसं उभं होतं. माझ्या पोरांनी असले प्रश्न विचारले नाहीत. घर उचललं गेलं तेव्हा ती तिथेच होती, थोडंफार त्यांनीही उचललं होतं.

२. ‘पुढच्या रविवारी’ म्हणू नका, झोपा मोजा

लहान मुलाला रविवार कळत नाही, झोप कळते. ‘अजून पाच वेळा झोपून उठलास की टेम्पो येणार.’ कालनिर्णयवर रोज सकाळी एक फुली त्यालाच मारू द्यायची. बाकी सगळी तयारी आपल्या डोक्यात असते, त्याच्या डोक्यात फक्त तेवढ्या फुल्या.

आणि त्या आठवड्यात एकदा भातुकलीचं घर हलवून पाहा. बुटाच्या खोक्याला दोरी बांधली की टेम्पो झाला. बाहुली, तिची भांडी, तिचा पलंग त्यात भरायचा, खोली ओलांडायची, दुसऱ्या कोपऱ्यात उतरवायचं. या खेळात मुलाच्या मनातलं सगळं बाहेर पडतं. धाकट्याने अशाच खेळात मला विचारलं होतं, ‘टेम्पोवाल्या काकांना आपलं घर माहीत नसलं तर ते माझी गाडी त्यांच्या घरी नेतील का?’ हा प्रश्न त्याला किती दिवस छळत होता कोण जाणे. ड्रायव्हर आला तेव्हा मी पहिल्यांदा धाकट्याला त्याच्यासमोर उभं केलं. ड्रायव्हरने नव्या घराचा पत्ता मोठ्याने वाचून दाखवला. प्रश्न मिटला.

३. प्रत्येकाचं एक खोकं, आणि एक पिशवी जी टेम्पोत जाणार नाही

खोकं मुलाचं म्हणजे मुलाचंच. त्यात काय भरलं हे विचारायचं नाही, ‘हा कचरा कशाला’ तर अजिबात म्हणायचं नाही. थोरलीने रत्नागिरी सोडताना भाट्याच्या किनाऱ्यावरचे शंख आणि जांभ्या दगडाचे तुकडे भरले होते. हमालाने खोकं उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. ते दगड नाशकात बरीच वर्षं खिडकीत होते. खोकं लहान घ्या, म्हणजे दगड भरले तरी उचलता येतं. पुस्तकांनाही हाच नियम.

नाव मुलाने स्वतः लिहावं, लिहिता येत नसेल तर चित्र काढावं. मात्र ते वरच्या झाकणावर नको, बाजूला. टेम्पोत खोकी एकावर एक येतात, वरचं नाव दिसतच नाही. मुलांना हे समजावून सांगितलं की भारी आवडतं. जड सामान आधी, केबिनच्या बाजूला, कपाट आणि फ्रिज उभे बांधलेले, आणि जे शेवटी चढतं ते आधी उतरतं. मग मुलं आपणहून म्हणतात, आमची खोकी शेवटी चढवा. चढवायचीच. नव्या घरात पोचल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्यांच्या हातात त्यांचं सामान पडतं आणि आपल्याला अर्धा तास मिळतो.

पिशवीचं वेगळं. ती मुलाच्या पाठीवर किंवा आपल्या हातात, टेम्पोत कधीच नाही. तिच्यात पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड, एक पुस्तक, लाडकं खेळणं. आणि गोधडी. ज्या गोधडीशिवाय मूल झोपत नाही ती गोधडी तुमच्या दागिन्यांच्या डब्याइतकीच सांभाळायची वस्तू आहे. टेम्पो घाटात अडकला, रात्री दोनला आला, तरी तुम्ही सतरंजीवर झोपाल, मूल नाही झोपणार. आणखी एक, नवं घर म्हणून ती धुऊन स्वच्छ करून नेऊ नका. तिचा तो कळकट वास हाच तिचा उपयोग. धुवा पंधरा दिवसांनी.

मोठ्यांच्या हातातल्या पिशवीत शाळेचे दाखले. मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार शाळा बदलताना मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. तरीही कागद हातात असलेला बरा. जूनमध्ये शाळेच्या कचेरीत कायदा समजावून सांगायला कोणाला वेळ असतो?

४. काम द्या, पण खरं

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भर देते. मुलांना त्या दिवशी करमणूक नको असते. सगळं घर धावपळीत असताना आपल्याला एका कोपऱ्यात रंगीत खडू देऊन बसवलंय, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. मग ते खडू भिंतीवर चालतात. खोटं कामही त्यांना लगेच ओळखू येतं. ‘ही दोरी धरून बस हं’ असं सांगून आपण गेलो आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसलं, की दिवसभर तुमच्या शब्दावर विश्वास नाही.

खरी कामं भरपूर असतात. सुटकेस बंद होत नसते तेव्हा तिच्यावर बसायला एक वीस किलोचं माणूस लागतंच, धाकट्याची ती नेमणूक कायमची होती. वर्तमानपत्राचे बोळे करून पेल्यांमध्ये कोंबायचे. जुन्या मोज्यांत एकेक काचेचा ग्लास घालायचा, यात ग्लासही वाचतात आणि जोडी हरवलेल्या मोज्यांनाही काम मिळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्क्रूची जबाबदारी द्या. पलंग सुटा केला की त्याचे स्क्रू एका पाकिटात, वर ‘पलंग’ लिहायचं, कपाटाचे दुसऱ्या. पाकिटं त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने चिकटवायची. दहा वर्षांच्या मुलाने टीव्हीमागच्या वायरींचे फोटो काढून ठेवावेत, कुठली कुठे जोडली होती. नव्या घरात हाच मुलगा तज्ज्ञ ठरतो आणि तसा वागतोही.

सगळ्यात मानाचं काम हिशेबनिसाचं. खोक्यांना क्रमांक घालायचे, वहीत यादी करायची, आणि प्रत्येक खोकं दाराबाहेर गेलं की एक टिक, नव्या दारात आलं की दुसरी. नाशिकहून निघताना थोरली पुठ्ठ्याचं पॅड घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. एक खोकं टिक न होता बाहेर गेलं तेव्हा तिने हमालाला हाक मारून परत बोलावलं. मी ओशाळले. तो मात्र परत आला, खोकं दाखवलं, आणि ‘लिव्हा ताई’ म्हणाला.

हमालांबद्दल थोडं विषयांतर. मुलांना त्यांची ओळख करून द्या, काका म्हणायला लावा, पाण्याचा तांब्या मुलांच्या हातून जाऊ द्या. ओझं वाहणाऱ्यांच्या कामाला नियम आणि कल्याणाची सोय असावी म्हणून आपल्या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी किती झगडा केला, हे पाठ्यपुस्तकात वाचण्याआधी घरात दिसावं. संभाजीनगरला एका काकांनी धाकट्याला सुतळीची न सुटणारी गाठ शिकवली. पुढे नव्या घरातली प्रत्येक खुर्ची दुसऱ्या खुर्चीला बांधलेली असायची. थोरलीने डोक्यावरची चुंबळ पाहिली, ओढणीची आपली चुंबळ वळली आणि घरातल्या सगळ्या उशा डोक्यावरून एकेक करून जिन्यापर्यंत नेल्या. कोणी सांगितलं नव्हतं. तेवढाच माझा एक फेरा वाचला.

५. खोली एक, रेघ एक, माणूस एक

जी खोली सगळ्यात आधी रिकामी होईल ती मुलांची. जमल्यास शेजारी संडास-बाथरूम असलेली. दाराशी खडूची रेघ, आणि सामान उतरत असताना रेघ ओलांडायची असेल तर आधी विचारायचं. टेम्पो मागे येताना ड्रायव्हरला लहान मूल दिसत नाही. लिफ्टचं दार काठी लावून उघडं ठेवलेलं असतं. नव्या घराची गच्ची, बाल्कनी, पाण्याची टाकी आपणही नीट पाहिलेली नसते. त्यामुळे मुलांवर लक्ष ठेवायला एक माणूस, आणि त्या माणसाला दुसरं काहीही काम नाही, फोनसुद्धा नाही. आत्या, मावशी, शेजारची कॉलेजातली ताई, कोणीही. नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगायचं. ‘बघा हं सगळे जरा पोरांकडे’ म्हटलं की कोणीच बघत नाही.

६. रिकामं खोकं खेळण्याच्या दुकानापेक्षा भारी

अमेरिकेत रॉचेस्टरला खेळण्यांचं एक संग्रहालय आहे. गाजलेल्या खेळण्यांचा मान राखणाऱ्या तिथल्या यादीत २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या साध्या खोक्याला जागा मिळाली. ज्याने ती दिली त्याच्या घरी नक्की लहान मूल असणार. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं मोठं खोकं मिळालं तर ते सामानासाठी वापरू नका. खिडकी आपण कापून द्यायची, कटर मुलांच्या हाती नाही आणि जमिनीवरही नाही. बाकी ते घर, बस, एस्टी स्टँडवरची तिकीट खिडकी, काय वाटेल ते होतं.

बुडबुड्यांचं प्लास्टिक तर सांगायलाच नको. १९५७ मध्ये न्यू जर्सीत दोन अभियंत्यांनी ते भिंतीला लावायचा नक्षीदार कागद म्हणून बनवलं. भिंतीवर ते चाललं नाही, सामान गुंडाळायला चाललं, आणि पोरांनी त्याचं तिसरंच केलं. हातभर तुकडा बाजूला ठेवावा आणि सगळ्यांचा पारा चढायला लागला की बाहेर काढावा. मोठ्यांनाही द्यावा. अगदी लहान मूल असेल तर मात्र प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलचे दाणे लगेच उचलायचे.

७. सामान गेल्यावरचे खेळ

सगळं बांधून झालेलं असतं, टेम्पो भरत असतो, खेळणी आत गेलेली असतात. अशा वेळी उपयोगी पडतात ते बिनसामानाचे खेळ. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं, आणि मग जो कल्लोळ होतो तो अर्धा तास तरी चालतो. होऊ द्या. शेजाऱ्यांना एवढ्या वर्षांनी शेवटचा त्रास. त्यानंतर गाण्याच्या भेंड्या, कारण त्याच घुमणाऱ्या खोलीत गाणं सगळ्यांनाच बरं जमतं. वाण्याच्या बिलामागे नाव-गाव-फळ-फूल, फुली-गोळा. दोन-तीन सागरगोटे खिशात असले तर उत्तमच.

पत्त्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवाच. पाच वर्षांचं मूल असेल तर भिकार-सावकार. त्यात डोकं लागत नाही, लहान-मोठे सारख्याच नशिबाने हरतात, आणि डाव संपता संपत नाही. एरवी या गुणामुळे मोठी माणसं या डावापासून पळतात, त्या दिवशी तोच गुण. जरा मोठ्यांना गुलामचोर.

मोबाईल? द्या, पण सकाळी नाही. सकाळी दिलात तर दुपारी तीनला, जेव्हा खरंच कोणाच्यात त्राण उरत नाही, तेव्हा तुमच्याकडे काहीच शिल्लक नसतं. जुन्या घरचं वायफाय गेलेलं आणि नव्या घरचं आलेलं नसतं, म्हणून जे दाखवायचं ते आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. चार्जर खोक्यात गेला तर सगळंच मुसळ केरात.

८. दशम्या

मे महिन्यात दहीभात दुपारपर्यंत आंबतो, पोह्यांना भांडं-चमचा लागतो. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, केळी. हाताने खाता येतं, ताट लागत नाही, हमाल काकांनाही देता येतं. दर तासाला पाणी, मधे एकदा पन्हं किंवा कोकम सरबत. मुलं किरकिर करायला लागली की आधी पोट बघा, मग मनाचं बघू. निघायच्या आधी प्रत्येकाने संडासाला जाऊन यायचं, ‘मला नाही लागलेली’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.

९. वाटेवर

सांगलीहून रत्नागिरीला जाताना मलकापूर सोडलं की आंबा घाट लागतो. वळणाला वळण. मागच्या सीटवर पोरांच्या हातात पुस्तक किंवा फोन असेल तर साखरपा येईपर्यंत गाडी धुवायला लागते. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण गरागरा वळतोय, पानावर खिळलेला डोळा सांगतो की सगळं स्थिर आहे, आणि या भांडणात पोट उलटतं. म्हणून घाटात नजर बाहेर, लांब समोर. आलेपाक तोंडात, खिडकी उघडी, पोट ना रिकामं ना तुडुंब.

नजर बाहेर राहावी म्हणून खेळही बाहेरचाच हवा. आमचा लाडका खेळ नंबरप्लेटचा. सांगलीची गाडी एमएच-१०, कोल्हापूरची ०९, रत्नागिरीची ०८. म्हणजे त्या प्रवासात आकडे उलटे मोजत उतरतात, दहा, नऊ, आठ. पहिली ०८ कोणाला दिसते यावर पैज. घाट उतरताना आठच्या गाड्या वाढायला लागल्या तेव्हा थोरली म्हणाली, ‘आता आपलीच गाडी बाहेरची वाटते.’ पुढे रत्नागिरी-नाशिकच्या वाटेवर रायगडची ०६, मग पनवेल-ठाण्याचा आकड्यांचा गोंधळ, आणि कसारा घाट चढून गेलं की १५. नवं गाव असं नंबरानंबराने जवळ येतं, एकदम अंगावर पडत नाही. ट्रकमागचं वाचायचाही खेळ चांगला. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला आपल्या राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी घातली, त्यामुळे ते दिसलं की आमच्याकडे जास्त गुण.

टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसायचा हट्ट होतोच. एकटं मूल कधीही पाठवू नका, सोबत घरचा माणूस असला तरी सगळ्यांना पुरेल एवढी जागा आणि पट्टे आहेत का बघा. नसतील तर ‘नाही’ म्हणजे नाही. उभ्या टेम्पोत बसून एक हॉर्न वाजवू द्यावा, बहुतेक हट्ट तेवढ्यावर मिटतो.

१०. रडू द्या

‘नवं घर किती मोठं आहे माहितीये का’ हे वाक्य निरोपाच्या वेळी बोलू नये. मुलाला नव्या घराची खात्री नको असते, जुन्याचं वाईट वाटायला परवानगी हवी असते. प्रत्येक खोलीत जाऊन ‘येतो’ म्हणायचं. अंगणातल्या झाडाला पाणी घालायचं. मित्राचा पत्ता वहीत, त्याच्याच हस्ताक्षरात. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीत हे जास्तच नीट करावं, कारण ते घर लांबून बघायलाही राहणार नसतं. बहिणीच्या मुलाला आम्ही हे सरळ सांगितलं, इमारत पाडणार आहेत. तो रडला, आणि मग त्याने मशीन कसलं असतं, किती मोठं असतं, हे तासभर विचारलं.

दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा असतील तर त्या सोबत नेता येतात. लांब कागदाची पट्टी चौकटीला चिकटवायची, खुणा आणि तारखा उतरवून घ्यायच्या, गुंडाळी हातातल्या पिशवीत. पाच गावांच्या खुणा आज आमच्या एकाच पट्टीवर आहेत. सरकारी क्वार्टरची चौकट कोणाच्या नावावर राहत नाही, पट्टी राहते.

११. तेरा-चौदाव्या वर्षीचं मूल

वरचं काहीही त्याला चालणार नाही. भेंड्या म्हटलं की ते डोळे फिरवेल. त्याला दोन गोष्टी द्या. एक, सकाळचा तासभर मित्रांसोबत, घरातल्या कामातून पूर्ण सुटी. आणि दोन, खरोखर पैशाचं काम: चहा-नाश्त्याचे पैसे, टोल, हमालांची बिदागी, हिशेब त्याचा आणि उरलेले परत. तोंड फुगलेलं राहीलच, पण हात चालतील. पुण्याला येताना थोरलीने तसं केलं, दिवसभरात माझ्याशी मोजकंच बोलली आणि रात्री पै न् पैचा हिशेब पुढ्यात ठेवला.

१२. नव्या घरात आधी अंथरूण, मग स्वयंपाकघर

माझ्या सासूबाईंना हे पटायचं नाही. आधी देव, मग चूल. देवांना आमचा विरोध नव्हताच, उलट देवांचं तबक नेहमी धाकट्याच्या हातात, आणि दूध उतू जाईपर्यंत बघत उभं राहायचं काम दोघांचं. एरवी दूध उतू गेलं की ओरडा खाणाऱ्या पोरांना त्या दिवशी ते उतू जाण्याची वाट बघायला सांगतात, याची त्यांना केवढी गंमत. पण त्यानंतर लगेच मुलांच्या गाद्या, उशा, गोधड्या. तांदळाचे डबे रात्री नऊला लावले तरी चालतात. पहिल्या रात्री सगळ्यांनी हॉलमध्ये एका ओळीत झोपावं. बाथरूमकडे जायची वाट उजेडात दोनदा चालून घ्यावी, विजेरी उशाशी.

दरम्यान संध्याकाळी एक काम बाकी असतं: कुठलं बटण कुठल्या दिव्याचं. मुलांना कागदाचे तुकडे आणि चिकटपट्टी द्या. सगळी बटणं दाबून, ओरडून एकमेकांना सांगून, चिठ्ठ्या लावायच्या. पाण्याचा मेन कॉक शोधायचा, बेल वाजते का पाहायची, हे आरडाओरड्याचं काम आहे आणि खरोखर उपयोगाचं. संभाजीनगरच्या घरात एका बटणाने काहीच लागत नव्हतं. धाकट्याने त्यावर ‘गुप्त’ लिहून चिठ्ठी लावली. आम्ही ते घर सोडेपर्यंत ते गुप्तच राहिलं.

आणि उजेड असेपर्यंत चेंडू घेऊन खाली पाठवा, सोबत तो नेमलेला माणूस. आपल्याला नव्या शेजाऱ्यांची नावं कळायला महिना लागतो. मुलं तासाभरात वर येऊन सांगतात की तिसऱ्या मजल्यावर एक कुत्रा आहे, वॉचमन काकांना लगोरी येते, आणि समोरच्या बिल्डिंगमधला तो लाल टीशर्टवाला चीटिंग करतो. एवढी माहिती मिळाल्यावर मी चहा ठेवायला उठले. गाळणी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, मोज्यांच्या खोक्यात. हिशेबनिसाच्या वहीत तशी नोंदही होती, मी बघितली नव्हती एवढंच.